वाटेवरचा शेजारी

बेळगाव आणि निपाणी ही दोन नावे जोडीने उच्चारली की मराठी श्रोत्यांच्या मनात प्रथम सीमाप्रश्न उभा राहतो, आणि ते स्वाभाविकही आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हा मुलूख त्या वेळच्या म्हैसूर राज्यात गेला. १९६६ मध्ये महाजन आयोग नेमला गेला, १९६७ मध्ये त्याचा अहवाल आला आणि २००४ मध्ये महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयाचे दार ठोठावले. २०१४ पासून सरकारी दप्तरात बेळगावचे नाव बेळगावी असे लिहितात. ह्या वादात शिरण्याचा आज माझा विचार नाही. ह्याच मुलखात, ह्याच रस्त्यांवरून, गेल्या दोनशे वर्षांत काही तरुण माणसे एक निराळाच प्रश्न मनात धरून हिंडली. आपला शेजारी कोण, हा तो प्रश्न. ती माणसे ख्रिस्ती होती. त्यांतली काही परदेशातून आली होती, काही इथल्याच गल्ल्यांत जन्मली होती. त्यांची हकीकत आज आपणांपुढे ठेवावयाची आहे.

हा प्रश्न ज्या कथेतून निघाला ती बहुतेकांना ऐकून ठाऊक असेल. धर्मशास्त्र जाणणाऱ्या एका गृहस्थाने येशू ख्रिस्ताला विचारले की, शेजाऱ्यावर प्रीती करा असे सांगता, पण माझा शेजारी कोणाला म्हणावे? त्यावर येशूने व्याख्या दिली नाही, गोष्ट सांगितली. यरुशलेमहून यरीहोस उतरणाऱ्या एका वाटसरूला लुटारूंनी मारून अर्धमेला टाकले. त्याच्याच धर्माचा एक याजक तिकडून गेला, तसाच एक लेवी गेला. दोघांनीही त्याला पाहिले आणि वाटेच्या पलीकडच्या बाजूने निघून गेले. मग एक शोमरोनी आला. त्याने जखमा धुतल्या, तेल आणि द्राक्षारस घालून बांधल्या, त्याला आपल्या जनावरावर बसवून उताराच्या घरी नेले आणि पुढच्या खर्चाची तजवीज केली. आता शोमरोन हा प्रांत यहूदिया आणि गालील यांच्या मध्ये वसलेला. यहूदी आणि शोमरोनी हे अगदी लागून राहणारे, परंतु एकमेकांच्या हातचे पाणी न पिणारे लोक. ज्याला आपण सीमाभाग म्हणतो, तसल्याच एका सीमाभागातली ही कथा आहे, ही गोष्ट आपल्याकडच्या प्रवचनांतून सहसा निसटते. शेवटी येशूने प्रश्नच उलटा फिरवला. त्या घायाळ माणसाचा शेजारी कोण झाला, असे त्याने विचारले. शेजारी हा असतो त्यापेक्षा व्हावा लागतो, असा त्या उलटलेल्या प्रश्नाचा रोख आहे.

बेळगावात ह्या कथेचे पाऊल पडले ते लष्कराच्या मागोमाग. १८१८ मध्ये बेळगावचा किल्ला इंग्रजांनी घेतला आणि किल्ल्याजवळ मोठी छावणी वसली. दोन वर्षांनी, १८२० मध्ये, लंडन मिशनरी सोसायटीचे जोसेफ टेलर बळ्ळारीहून येथे आले. छावणीचे सेनापती जनरल प्रिट्झलर यांचा त्यांना आधार होता. पुढे विल्यम बेनन त्यांना येऊन मिळाले. हे मिशन बळ्ळारीकडून आले, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे. त्याची मुळे कानडी मुलखात होती, आणि बेळगावच्या पेठेत बसल्यावर त्याला कानडीबरोबर मराठीही उचलावी लागली. दोन भाषांशिवाय त्या गावात शेजार करणे शक्यच नव्हते.

छावणीतील ख्रिस्ती धर्म आणि पेठेतील ख्रिस्ती धर्म ह्या दोन वेगळ्या गोष्टी होत्या, हेही येथे सांगून टाकले पाहिजे. छावणीत गोऱ्या शिपायांसाठी देवळे होती; सेंट मेरीजचे सुंदर दगडी देऊळ १८६९ मध्ये समर्पित झाले. जर्मन जेझुइट पाद्र्यांनी १८५६ मध्ये चालू केलेली सेंट पॉल्स शाळा पुढे सर्व जातिधर्मांच्या मुलांची शाळा झाली, आणि १९५३ मध्ये बेळगाव हा स्वतंत्र कॅथलिक धर्मप्रांत झाला. तथापि आजच्या विषयाचा धागा सापडतो तो पेठेतल्या मिशनच्या शाळेत. इंग्रजी शिकवणारी ही शाळा १८३२ पासूनची म्हणून सांगतात, आणि बेनन स्मिथ हायस्कूल ह्या नावात त्या जुन्या मिशनरीचे नाव आजवर राहिले आहे.

ह्या शाळेने मराठी भाषेला एक माणूस दिला. १८३१ च्या मे महिन्यात बेळगावात, कासार ज्ञातीच्या एका सुस्थित कुटुंबात बाबा पदमनजी यांचा जन्म झाला. वडील सरकारी नोकरीत होते. घरात व्रते, उपवास, देवदेवतार्चन सर्व काही यथासांग चाले. मुलगाही तसाच श्रद्धाळू होता. बेळगावच्या मिशन शाळेत इंग्रजी शिकून तो पुढे मुंबईस गेला. तेथे फ्री चर्चच्या विद्यालयात नव्या विचारांचे वारे त्याला लागले, आणि जातिभेद मोडण्यासाठी गुप्तपणे जमणाऱ्या परमहंस सभेतही तो जाऊन बसला. शेवटी १८५४ मध्ये, वयाच्या तेविसाव्या वर्षी, त्याने आपल्या जन्मगावी, बेळगावात, बाप्तिस्मा घेतला.

ह्या घटनेची किंमत काय होती, ते आज आपणांस सहजी कळणार नाही. त्या काळी मुलगा ख्रिस्ती झाला की तो घराला मेला. आईच्या हातचे जेवण संपले, ज्ञातीचा दरवाजा मिटला, बालपणी लागलेल्या लग्नाची गाठही सुटण्याच्या बेतात आली. शेजाऱ्यावर प्रीती करण्याचा उपदेश ज्याने स्वीकारला, त्याने पहिल्याच दिवशी सगळे शेजारी गमावले, असा हा विलक्षण प्रकार होता. बाबांनी पुढे ‘अरुणोदय’ नावाचे आत्मचरित्र लिहिले, ते १८८८ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात हा अंतरीचा कलह मोठ्या प्रांजळपणे आला आहे. धर्मांतराविषयी आपले मत काहीही असो, त्या पुस्तकातील तरुणाची तगमग खोटी आहे असे कोणीही म्हणणार नाही.

परंतु गमावलेल्या शेजाऱ्यांकडे पाठ फिरवून हा तरुण बसला नाही. विधवाविवाहाचा कायदा १८५६ मध्ये झाला. त्याच्या दुसऱ्याच वर्षी, १८५७ मध्ये, बाबांचे ‘यमुनापर्यटन’ प्रसिद्ध झाले. मराठीतील पहिली कादंबरी म्हणून आपण तिचा उल्लेख करतो. यमुना आणि तिचा नवरा विनायक महाराष्ट्रात प्रवास करतात, आणि ठिकठिकाणी त्यांना विधवा भेटतात. कोणाचे केशवपन झालेले, कोणाचा घरच्यांनी छळ मांडलेला, कोणी फसवली गेलेली. प्रवासातच विनायकाचा मृत्यू होतो आणि जी दुसऱ्यांचे दुःख पाहत आली ती यमुना स्वतः विधवा होते. कादंबरी म्हणून तीत दोष पुष्कळ आहेत. उपदेशाचा सूर मधूनमधून फार चढतो, आणि शेवट धर्मप्रचाराकडे झुकतो. पण हे पुस्तक कोणासाठी लिहिले हे पाहावे. बाबांना ज्या समाजाने बाहेर काढले, त्याच समाजाच्या माजघरातल्या बायकांसाठी ते लिहिले आहे. वाटेने जाताना दिसलेल्या घायाळ माणसाजवळ थांबण्याची जी गोष्ट, तिचाच सांगाडा बाबांनी मराठी मुलखावर मांडला, असे मला वाटते.

बाबांची आणखी एक सेवा आहे. मोल्सवर्थच्या प्रचंड मराठी-इंग्रजी कोशाचा त्यांनी संक्षेप केला आणि तो १८६३ मध्ये निघाला. विद्यार्थ्यांच्या पिढ्यांनी तो वापरला. शब्दकोश करणे ही शेजाऱ्याची सेवा आहे की नाही, ह्यावर वाद होईल. ज्याने परीक्षेसाठी कोश उसना मागितला आहे तो वाद घालणार नाही. १९०६ मध्ये मुंबईत बाबा वारले.

बेळगावकडून आता उत्तरेस वळू. बळ्ळारीहून आलेला एक प्रवाह आपण पाहिला. दुसरा अहमदनगरकडून कोल्हापुरात आला आणि तिथून निपाणीपर्यंत उतरला. रॉयल गूल्ड वाइल्डर हे अमेरिकन मिशनरी १८४६ मध्ये अहमदनगरास आले आणि १८५२ मध्ये कोल्हापुरास गेले. तेथे त्यांनी व त्यांच्या पत्नी एलायझा यांनी शाळा घातल्या. पुढे मूळ संस्थेशी त्यांचे पटले नाही. स्वतंत्रपणे काही वर्षे काम चालवून १८७० मध्ये त्यांनी ते अमेरिकेच्या प्रेस्बिटेरियन मिशनकडे दिले. ह्याच मिशनची ठाणी पुढे पन्हाळा, कोडोली, सांगली, मिरज, इस्लामपूर अशी पसरत गेली आणि विसाव्या शतकाच्या आरंभीच्या काळात निपाणीलाही एक ठाणे झाले.

वाइल्डर दांपत्याचा मुलगा रॉबर्ट १८६३ मध्ये कोल्हापुरात जन्मला. थोरली बहीण ग्रेस. दोघांच्याही कानांवर लहानपणी मराठीच पडे. १८७५ मध्ये प्रकृती बिघडल्यामुळे वडिलांनी कुटुंबासह हिंदुस्थान सोडला आणि ते प्रिन्स्टनला जाऊन राहिले. रॉबर्ट तेथील महाविद्यालयात गेला, ग्रेस माउंट होल्योक येथे शिकली. १८८३ मध्ये रॉबर्टने चार सोबत्यांना जमवून परदेशी सेवेसाठी जाऊ इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यांचे एक मंडळ काढले. त्याच्या बैठका रविवारी वडिलांच्याच घरी होत. पुढच्या खोलीत मुलगे बोलत बसत, आणि शेजारच्या खोलीत ग्रेस एकटी प्रार्थना करीत असे. पुरुषांच्या सभेत बाईने बसावे अशी तेव्हाची रीत नव्हती. भिंतीच्या अलीकडे आणि पलीकडे बसलेल्या ह्या दोन भावंडांपैकी इतिहासाने एकाचेच नाव मोठ्या अक्षरात लिहिले.

१८८६ च्या उन्हाळ्यात माउंट हर्मन येथे प्रसिद्ध धर्मोपदेशक मूडी यांच्या आश्रयाने महाविद्यालयीन तरुणांचे शिबिर भरले. ८९ महाविद्यालयांतून २५१ विद्यार्थी आले होते. रॉबर्टला तेथे पाठवताना ग्रेसने सांगितले होते म्हणतात की, त्या शिबिरातून शंभर तरुण सेवेला निघतील. आरंभी असा निश्चय केलेले विद्यार्थी वीस-एकवीसच होते. चार आठवडे चर्चा, प्रार्थना, एकांतातले बोलणे चालले. शिबिर संपायच्या सुमारास नव्व्याण्णव नावे झाली, आणि अखेरच्या प्रार्थनेत शंभरावा येऊन मिळाला. त्या वर्षी रॉबर्टने आणि त्याच्या एका मित्राने अमेरिका-कॅनडातील महाविद्यालये पालथी घातली आणि दोन हजारांहून अधिक विद्यार्थ्यांची नावे मिळवली. अरबस्तानात आयुष्य घालवलेला सॅम्युएल झ्वेमर त्यांतलाच. १८८८ मध्ये ह्या खळबळीला विद्यार्थी स्वयंसेवक चळवळ असे रूप आले. ह्याच पिढीत साऱ्या जगाला शुभवर्तमान कळले पाहिजे, हे तिचे ब्रीद. पुढील अर्धशतकात सुमारे वीस हजार तरुण-तरुणी ह्या चळवळीतून देशोदेशी गेल्या. जगाच्या ख्रिस्ती इतिहासातील तरुणांची ही कदाचित सर्वांत मोठी चळवळ. तिच्या मुळाशी कोल्हापुरात जन्मलेला एक मुलगा आणि त्याची बहीण होती, ही गोष्ट कोल्हापुरातसुद्धा फार थोड्यांना माहीत असेल.

रॉबर्ट पुढे हिंदुस्थानात परत आला, १८९० नंतरच्या दशकात पुण्याच्या कॉलेजांतील विद्यार्थ्यांमध्ये त्याने काम केले, मग कलकत्त्यास गेला. प्रकृतीने दगा दिल्यामुळे त्याला येथील काम सोडावे लागले. १९३८ मध्ये नॉर्वेत त्याचा अंत झाला. त्याच्या ब्रीदवाक्यात एक प्रकारची लष्करी घाई होती असे आज वाटते. एका पिढीत जग! त्या काळच्या साम्राज्यांच्या आत्मविश्वासाचा वास त्याला येतो. आणि वीस हजार तरुण निघाले हे ऐकून छाती दडपते खरी, पण ते जेथे जाऊन पोहोचले तेथील लोकांना त्यांच्याकडून काय मिळाले, हे संख्येवरून कळत नाही.

ते कळायला ग्रेसकडे वळले पाहिजे. १८८७ च्या ऑक्टोबरात वडील वारले. त्यानंतर ग्रेस आणि तिची वृद्ध आई अशा दोघी पुन्हा बोटीत बसल्या आणि कोल्हापुरास आल्या. सेवेला जाऊ का, असे स्वतःला विचारणाऱ्या तरुणींसाठी ग्रेसने एक छोटी पुस्तिका लिहिली होती. स्वतःपुरते उत्तर तिने पायांनी दिले. कोल्हापूरच्या आसपासच्या खेड्यांत बायकांमध्ये ती हिंडली. वाळवे तालुक्यातील त्या काळच्या इस्लामपुरात खेड्यातच वस्ती करून राहण्याची कल्पना तिने अमलात आणली. मोठ्या शहरातील बंगल्यातून घोडागाडीने खेड्यात जाऊन दिवेलागणीला परतण्याची मिशनरी रीत तिला पुरेशी वाटली नाही. इस्लामपुरातच १९११ मध्ये तिने देह ठेवला. तिच्या हातून किती लोक ख्रिस्ती झाले, ह्याचा हिशेब मला मांडावासा वाटत नाही. जिने भावाच्या तोंडून साऱ्या जगाची भाषा ऐकली, तिने स्वतःसाठी एक तालुका निवडला, आणि शेवटपर्यंत तो सोडला नाही, ही गोष्ट मला त्या ब्रीदवाक्यापेक्षा मोठी वाटते.

ह्याच सुमारास दुसरा एक तरुण आला. विल्यम जेम्स वानलेस हा मूळचा कॅनडाचा, १८६५ चा जन्म. न्यूयॉर्कला वैद्यकीय शिक्षण पुरे करून तो १८८९ च्या अखेरीस हिंदुस्थानात आला तेव्हा त्याचे वय चोवीस होते. प्रथम सांगलीस आणि १८९२ पासून मिरजेस त्याने दवाखाना चालवला. १८९४ मध्ये मिरजेचे रुग्णालय उघडले. मिरज हे पुण्याहून बेळगावकडे जाणाऱ्या लोहमार्गावरचे ठिकाण. कुडची, रायबाग, घटप्रभा ही पुढची स्थानके. त्यामुळे बेळगाव जिल्ह्याच्या उत्तर भागातील रोग्यांना मिरज जवळ झाले. निपाणीला मात्र आगगाडी कधीच गेली नाही. तंबाखूची ही भरभराटीची पेठ रस्त्यावरच जगली, आणि तिचे आजारी लोक बैलगाडीतच निघत.

वानलेसच्या हाताचे कौशल्य हा दंतकथेचा विषय झाला. मोतीबिंदू झालेली माणसे काठी धरून येत आणि काठी विसरून जात, असे म्हातारी माणसे सांगत. परंतु त्याने केलेले अधिक दूरदृष्टीचे काम निराळे होते. इथल्याच तरुणांना त्याने हाताशी घेतले. १८९७ च्या सुमारास मिरजेत वैद्यकीय शिक्षण सुरू झाले, आणि मराठी, कानडी, तेलुगू अशा नाना मुलखांतील ख्रिस्ती तरुण तेथे शिकून निरनिराळ्या मिशनांच्या दवाखान्यांत गेले. मुलींना परिचर्येचे शिक्षण मिळू लागले. रक्त, पू आणि विष्ठा यांना स्पर्श करण्याचे काम आपल्याकडे कोणाच्या माथी मारलेले होते हे सांगावयास नको. ते काम शिकलेल्या माणसाचे, किंबहुना सन्मानाचे आहे हे ह्या मुलामुलींनी हात घालून दाखवले. मिरजेला महारोग्यांसाठीही निराळी व्यवस्था झाली. रिचर्डसन यांच्या नावाने ते रुग्णालय ओळखतात. वानलेस १९२८ मध्ये येथून निवृत्त झाला, त्याच वर्षी सरकारने त्याला सर ही पदवी दिली, आणि १९३३ मध्ये तो अमेरिकेत वारला. सांगली-मिरजेच्या मधली वानलेसवाडी त्याच्या नावाची. त्याच्या हाताखाली शिकलेल्या कंपाउंडरांच्या आणि परिचारिकांच्या नावाची वाडी कोठे नाही. ज्यांनी गावोगावच्या लहान दवाखान्यांत रात्री कंदील धरला ते हेच लोक.

निपाणीकडे मिशन आले तेव्हा त्याचे पाय बहुधा गावाच्या वेशीबाहेर वळले. ह्या सर्व टापूत मिशनच्या शाळा आणि मंडळ्या प्रामुख्याने महारवाड्यांत आणि मांगवाड्यांत उभ्या राहिल्या. ज्यांना गावाने शेजारी मानलेच नव्हते, त्यांच्या दारात पाटी-पेन्सिल गेली. हे काम मिशननेच केले असे मात्र कोणी समजू नये. एप्रिल १९२५ मध्ये ह्याच निपाणीत मुंबई इलाखा प्रांतिक बहिष्कृत परिषद भरली आणि तिच्या अध्यक्षस्थानी डॉ. बाबासाहेब आंबेडकर होते. बाबासाहेबांचा मार्ग मिशनरींच्या मार्गाहून अगदी वेगळा. दयेने दिलेली शाळा घेणे निराळे आणि हक्क म्हणून शाळेत बसणे निराळे. निपाणीच्या तरुणांपुढे ही दोन दारे एकाच पिढीत उघडली गेली, आणि दुसऱ्या दाराने पहिल्याची मर्यादा दाखवून दिली, असे म्हटल्यावाचून राहवत नाही.

त्याच्या आधी काही महिने बेळगावात काँग्रेसचे अधिवेशन झाले होते. डिसेंबर १९२४ मधील हे अधिवेशन गांधीजींच्या अध्यक्षतेखाली भरलेले एकमेव अधिवेशन. गंगाधरराव देशपांडे यांनी त्याची सिद्धता केली, डॉ. ना. सु. हर्डीकर यांच्या सेवादलाचे तरुण व्यवस्थेला होते, आणि छावणीतील शौचकूपांच्या सफाईचे काम काकासाहेब कालेलकरांच्या देखरेखीखाली उच्चवर्णीय स्वयंसेवकांनी आपल्या अंगावर घेतले. हे काम त्यांनी कोणा मिशनरीकडे पाहून केले असे मी म्हणत नाही; त्याची प्रेरणा गांधीजींची. पण शतकभर ज्या गावात ख्रिस्ती शाळा, दवाखाने आणि देवळे उभी होती, त्या गावात हिंदू तरुणांनी भंगीकाम उचलले तेव्हा सेवा ही कोणा एका धर्माची मिरासदारी राहिली नाही, एवढे खरे.

आता एक आक्षेप आहे, आणि त्याला बगल देऊन जाणे बरे नव्हे. ही सर्व सेवा धर्मांतरासाठी लावलेला गळ होता, असे आपल्याकडे पुष्कळांना वाटत आले. मिशनच्या दवाखान्यांत औषध देण्यापूर्वी ओसरीवर बसलेल्या रोग्यांना बायबल वाचून दाखवण्याची चाल होती. दुखणाईत माणूस उठून जाऊ शकत नाही, तेव्हा त्याला उपदेश ऐकवणे हे सभ्य माणसाला खटकावे असेच आहे. गांधीजींनी मिशनरी मित्रांना हेच वारंवार बजावले की, सेवा करावयाची तर सेवा म्हणूनच करा, तिच्या पोटात दुसरा हेतू ठेवू नका. हा आक्षेप मला बव्हंशी मान्य आहे. परंतु शोमरोनी माणसाच्या गोष्टीतही नेमके हेच आहे, हे नमूद केले पाहिजे. त्याने जखमी माणसाचा धर्म विचारला नाही आणि आपला सांगितला नाही. त्याला उताराच्या घरी सोडून दुसऱ्या दिवशी तो आपल्या वाटेने निघून गेला. म्हणजे मिशनच्या ओसरीवर जे चुकत होते, ते मिशनच्या हातातल्या पुस्तकानेच चूक ठरवले होते. आणि त्या ओसरीवर औषध घेऊन गेलेल्या लोकांपैकी फार मोठा भाग हिंदूच राहिला, मुसलमान मुसलमानच राहिला, तरी दवाखाना बंद झाला नाही. हेतूंची छाननी करताना ह्या साध्या वस्तुस्थितीलाही जागा द्यावयास हवी.

सीमेचा विषय सुरुवातीला बाजूस ठेवला होता, त्याकडे शेवटी क्षणभर येतो. परस्परांच्या क्षेत्रात शिरू नये म्हणून मिशनांनी आपापसांत मुलूख वाटून घेतले होते, आणि त्यामुळे त्यांच्याही सीमा होत्या. बेळगावचे काम १९०४ मध्ये लंडन मिशनकडून अमेरिकेच्या मेथडिस्ट मिशनकडे गेले. निपाणी कोल्हापूरच्या प्रेस्बिटेरियन मिशनकडे राहिली. एकाच जिल्ह्यातील दोन गावे, पण एकाची वाट बळ्ळारीहून आलेली आणि दुसऱ्याची अहमदनगरहून. भाषावार प्रांतरचनेच्या कितीतरी आधी ह्या जिल्ह्याच्या पोटात कानडी आणि मराठी अशी दोन टोके अशा रीतीने येऊन भिडली होती, आणि त्या काळच्या मिशनरींनी ती ओळखलीही होती. तरीही बेळगावच्या पाद्र्याला मराठी सोडता आली नाही. आजारी माणूस ज्या भाषेत कण्हतो ती भाषा समजून घेण्यावाचून गत्यंतरच नसते.

१८९४ मध्ये निपाणीहून रोगी घेऊन मिरजेस निघालेली गाडी इंग्रजी मुलखातून कोल्हापूरच्या, तिथून पटवर्धनांच्या संस्थानांच्या हद्दीत शिरे; वाटेत तीन-चार राजवटी बदलत. आजही निपाणी, चिकोडी, रायबागकडचे रोगी मिरजेच्या रुग्णालयांत येतात. मधली हद्द आता दोन राज्यांची आहे, आणि २०२१ मध्ये साथीच्या दिवसांत कोगनोळीच्या नाक्यावर तपासणीचा दाखला दाखवल्याखेरीज महाराष्ट्रातून येणाऱ्या माणसाला पुढे सोडत नसत. नाका उठला तसे रोगी आणि त्यांचे नातलग पुन्हा त्याच रस्त्याने जाऊ-येऊ लागले.